सोन नदीचा काठ की द्राक्षांचे डोंगर? फ्रान्समधील आठ दिवसांच्या सायकलसफरीविषयी

कात्रजउतार यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा मोठा भाऊ फ्रान्समध्ये आठ दिवस सायकल चालवण्याचा विचार करत आहोत. शालों-सुर-सोन या गावापासून सुरुवात करून दक्षिणेला ल्योंच्या दिशेने जायचे, एवढेच अद्याप नक्की झाले आहे. मी पुण्याची असून २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या वेळेत पूर्ण केल्या आहेत आणि महिन्यातून दोनदा तरी सिंहगड चढते, त्यामुळे चढाची मला भीती नाही. खरे सांगायचे तर चढ नसेल तर मला कंटाळा येतो. दादा गेली वीस वर्षे जर्मनीत असतो, वयाने एकसष्ट वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर हवी तितकी सायकल चालवा, मात्र चढावर गुडघ्यावर जोर देऊ नका, असे त्याला डॉक्टरांनी बजावले आहे.

नकाशा उघडला की नदीकाठचा निळा मार्ग सरळ खाली जाताना दिसतो आणि त्याच्या पश्चिमेला जाणाऱ्या लहान रस्त्यांवर समोच्च रेषांची दाटी दिसते. सगळा प्रवास काठाने केला, तर पुण्याहून पेटीत घालून सायकल नेऊन मी आठ दिवस पाटाच्या कडेने फिरून आले असे होईल. सगळा डोंगरातून केला, तर दादा रेल्वेने पुढच्या गावी जाऊन माझी वाट पाहत बसेल. एकाने दुसऱ्यासाठी मन मारायचे आणि वर ‘मला काही नको होतेच’ असे म्हणायचे, हे आमच्या घरात लहानपणापासून चालत आले आहे. या वेळी ते टाळायचे आहे. या भागात प्रत्यक्ष सायकल चालवलेल्या कोणी दोघांनाही न्याय देणारी आखणी सुचवावी, ही विनंती. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत, आणि द्राक्षतोडणीच्या दिवसांत तेथे जाणे सोयीचे आहे की अडचणीचे, हेही समजले तर बरे होईल.

सोनकाठ यांचे उत्तर

ताई, मी अकरा वर्षांपासून ल्योंमध्ये राहतो आणि सुटीच्या दिवशी ज्या रस्त्यांवर असतो तेच रस्ते तुम्ही विचारले आहेत. तुमच्या घरगुती अडचणीवरचा तोडगा या प्रदेशाच्या ठेवणीतच आहे. शालोंपासून बेलव्हीलपर्यंत सोन नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, आणि तिच्या पश्चिमेला, बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा किलोमीटरच्या आत, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांची रांग तिला जवळजवळ समांतर धावते. म्हणजे सकाळी दोघांनी एकाच गावातून निघावे, दादांनी काठ धरावा, तुम्ही टेकड्यांची वाट धरावी आणि संध्याकाळी पुढच्या नदीकाठच्या गावात भेटावे. त्यांचे तीस-पस्तीस किलोमीटर होतील, तुमचे साठ-सत्तर, आणि दोघांना वेळ साधारण सारखाच लागेल, कारण दादा वाटेत कुठल्या तरी बाकावर तासभर नक्की बसतील. तसा तो काठच आहे.

सोन ही विलक्षण संथ नदी आहे. ज्युलियस सीझरने गॉलमधल्या युद्धांच्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे की ती इतकी सावकाश वाहते की पाणी कोणत्या दिशेने चालले आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. दोन हजार वर्षांनंतरही तूर्नूच्या पुलावर उभे राहून मला तसाच अनुभव आला. शेवटी पाण्यावरून जाणाऱ्या एका पिसाकडे पाहून दिशा ठरवावी लागली. पात्राच्या दोन्ही बाजूंना पुराच्या पाण्यासाठी सोडलेली गवताळ कुरणे आहेत, पॉप्लरच्या रांगा आहेत, आणि पूर्वी घोड्यांनी नावा ओढण्याची जी पायवाट होती तिच्यावरूनच आजचा सायकलमार्ग बऱ्याच ठिकाणी जातो. लक्झेम्बर्गच्या सीमेपासून ल्योंपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर जाणाऱ्या ‘व्ह्वा ब्ल्य’ या मार्गाचा हा शेवटचा भाग आहे. हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला नदी या कुरणांवर पसरते आणि वाट पाण्याखाली जाते. सप्टेंबरमध्ये ती काळजी सहसा नसते.

सपाटीवर चढ नसला तरी वारा असतो, आणि येथल्या उत्तरेकडच्या गार वाऱ्याला ‘बीझ’ असे नाव आहे. तो सुटला की दोन-दोन दिवस थांबत नाही. तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचे ठरवले आहे तेच योग्य आहे. उलट दिशेने आलात तर डॉक्टरांनी जो जोर वर्ज्य केला आहे तोच दादांना सपाटीवर द्यावा लागेल.

पहिला दिवस दोघांनी बरोबर घालवावा असे मी सुचवेन. शालोंहून साँत्र कालव्याच्या काठाने शान्यीवरून साँतने गाठावे आणि तेथून ‘व्ह्वा दे व्हीन्य’ म्हणजे मळ्यांतून जाणारी अरुंद वाट धरून बोनपर्यंत जावे. ती वाट साधारण २२ किलोमीटरची आहे आणि प्युलिनी, मेर्सो, व्होलने, पोमार ही दारूच्या बाटल्यांवर वाचलेली नावे एकामागून एक गावांच्या पाट्या होऊन समोर येतात. येथे हलके चढउतार आहेत, पण ते बसल्या जागी पायडल मारून निघतील असे. बोनमध्ये १४४३ साली स्थापन झालेले जुने रुग्णालय, त्याची रंगीत कौलांची छपरे पाहावीत आणि परत शालोंला येण्यासाठी टीईआर ही प्रादेशिक रेल्वे पकडावी. बोन गाव देखणे आहे, मात्र तेथे मुक्काम महाग पडतो, आणि ज्याला सायकल चालवायची आहे त्याने तेथे दोन रात्री घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवसापासून वाटा वेगळ्या कराव्यात. दादांनी काठाने तूर्नूला जावे, साधारण तीस किलोमीटर होतात. तुम्ही झिव्रीला जाऊन ‘व्ह्वा व्हेर्त’ पकडावी. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून १९९७ साली तयार केलेली ही फ्रान्समधली या प्रकारची पहिली वाट आहे, आणि जुनी स्थानके, त्यांच्यावरची गावांची नावे, फलाटांच्या कडा अजून जागेवर आहेत. ब्युसी आणि साँ-झाँगू मागे टाकून कोर्मातँपर्यंत गेल्यावर मात्र ही गोगलगायीची चाल सोडावी आणि पूर्वेला वळावे. शापेझच्या अकराव्या शतकातल्या चर्चचा उंच मनोरा दिसेल, मग ब्रांसियोंचा चढ लागेल. माथ्यावर एक किल्ला, एक चर्च आणि मोजकी दगडी घरे एवढेच गाव आहे. तेथून तूर्नूकडचा उतार इतका मोकळा आहे की ब्रेक सोडण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण दोन वळणे दिसतात त्याहून आवळ आहेत. माझा अंदाज तुम्हाला सत्तरच्या आसपास किलोमीटर होतील असा आहे.

तूर्नू ते माकों हा दिवस फार विस्ताराने सांगत नाही. दादांना काठाने पस्तीसच्या आसपास किलोमीटर, तुम्हाला ल्युनी, आझे, इझे या बाजूने हवे तितके चढ. माकोंमध्ये मात्र तीन रात्री राहा. त्यातला एक दिवस दोघांनी क्लुनीला जाऊन येण्याचा ठेवावा. वाटेत टेकड्या आडव्या असल्या तरी दादांना हे जमेल, कारण रेल्वेने आपल्यासाठी आधीच डोंगर पोखरून ठेवला आहे. ब्वा-क्लेरचा बोगदा सुमारे १६०० मीटर लांब आहे. बाहेर अंगाची काहिली होत असताना आत शिरले की शंभर मीटरमध्ये घामाचा शर्ट पाठीला गार चिकटतो, छतातून थेंब पडत असतात आणि समोरून येणाऱ्याच्या दिव्याचे अंतर कळत नाही. पातळ जाकीट खिशात हवेच आणि काळा चष्मा आत जाण्यापूर्वी उतरवलेला हवा. हिवाळ्यात वटवाघळांच्या निद्रेसाठी हा बोगदा बंद ठेवतात, त्या दिवसांत सायकलस्वारांनी वरून खिंड ओलांडायची असते. आपल्याकडे वटवाघळांसाठी रस्ता बंद झाल्याचे ऐकिवात नाही. क्लुनीचा मठ ९१० साली स्थापन झाला आणि रोममधले सेंट पीटर नव्याने बांधले जाईपर्यंत त्याचे चर्च ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे होते. राज्यक्रांतीनंतर त्याचे दगड विकले गेले. आज जो एक बाहू उभा आहे त्याच्याखाली मान वर करून उभे राहिले की उरलेल्या इमारतीचा आकार मनात उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटीने सोल्युत्रे आणि व्हेर्जिसों या दोन कड्यांभोवतीचे रस्ते पालथे घाला. नदीकाठ समुद्रसपाटीपासून पावणेदोनशे मीटरच्या आसपास आहे आणि सोल्युत्रेचा माथा ४९३ मीटर. आकडा लहान वाटतो, पण येथला चढ घाटासारखा वळणे घेत सावकाश चढत नाही, तो मळ्याच्या बांधासारखा सरळ वर जातो. शंभर मीटर चढायचे, ऐंशी मीटर उतरायचे, पुन्हा चढायचे. दिवसअखेर एकूण चढाई हजार मीटरच्या वर गेलेली असते आणि कुठे गेली हे आठवत नाही. सिंहगडावर एकदा लय सापडली की माथ्यापर्यंत पुरते, येथे ती दर दोन किलोमीटरला मोडते.

जेवणाचे गणित आधी समजून घ्या. दुपारी बारा ते दोन या वेळात दुकाने बंद असतात आणि नेमक्या त्याच वेळात खानावळी उघड्या असतात. दीड वाजून गेला की बहुतेक ठिकाणी नम्रपणे नकार मिळतो. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी लहान गावांत पावसुद्धा मिळेलच असे नाही. शाकाहारी माणसाने सकाळीच बुलांझरीतून पाव, शेजारच्या दुकानातून शेळीच्या दुधाचे माकोने चीज आणि टोमॅटो घेऊन पिशवीत टाकावेत. पाण्यासाठी दफनभूमी शोधावी. ऐकायला विचित्र वाटते, पण जवळजवळ प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलझाडांसाठी नळ असतो आणि येथले सगळे सायकलस्वार तेथेच बाटल्या भरतात. ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तेथे मात्र पिऊ नये.

तासगावचा मळा यांचे उत्तर

सोनकाठ यांनी वाट उत्तम सांगितली आहे, फक्त द्राक्षांविषयी त्यांनी हात आखडता घेतला. मी द्राक्ष बागायतदार आहे. काही वर्षांपूर्वी मळे पाहण्यासाठी माकोंच्या दक्षिणेच्या बोझोले भागात गेलो होतो आणि चार दिवस भाड्याच्या सायकलवर हिंडलो. चढ बहुतेक ठिकाणी मी ढकलत चढलो, हे आधीच कबूल करतो, पण ढकलत चढणाऱ्याला बाग नीट दिसते.

आपल्याकडे मांडवाखालून वाकून फिरायची सवय असलेल्या माणसाला तेथली बाग आधी बागच वाटत नाही. बोझोलेच्या जुन्या मळ्यांत तार नाही, खांब नाही, ठिबकची नळी नाही. गुडघ्याएवढे काळे, पिळवटलेले खोड आणि त्यावर पेल्यासारख्या वर आलेल्या चार-पाच फांद्या, बस. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर लावले तर एकरी हजाराच्या आत वेली बसतात. तेथे जुन्या पद्धतीत हेक्टरी दहा हजारांपर्यंत, म्हणजे एकरी चार हजार, असतात. एका वेलीकडून थोडेच घ्यायचे, असा तो हिशेब आहे. वर्षातून एकच छाटणी, तीही थंडीत. आम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो असे सांगितल्यावर ज्यांच्या मळ्यात मी उभा होतो ते म्हातारे गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे संशयाने पाहत होते. वेल झोपते कधी, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते.

ताई, तुम्ही उत्तरेकडून खाली येणार असल्यामुळे एक गोष्ट रस्त्यावरच पाहायला मिळेल. माकोंच्या बाजूला जमीन चुनखडीची, रस्त्याच्या कडेचे खडे पांढुरके, आणि वेली शार्दोने वाणाच्या. साँतामूर ओलांडून बोझोलेच्या गावांत शिरलात की माती गुलाबी-तांबूस ग्रॅनाइटची होते आणि वेली गामेच्या. हा गामे बर्गंडीच्या ड्यूकने १३९५ साली आपल्या राज्यातून उपटून टाकण्याचा हुकूम काढला होता. चुनखडीच्या जमिनीतून बाहेर काढलेल्या या वाणाने ग्रॅनाइटवर आपले घर केले, असे तेथे अभिमानाने सांगतात. पाऊस पडून गेला असेल तर हाच ग्रॅनाइटचा भुगा उतारावरच्या वळणांवर वाहून आलेला असतो आणि सायकलचे मागचे चाक त्यावरून सहज सरकते, तेव्हा भूगर्भशास्त्राचा आस्वाद चढताना घ्यावा.

बेलव्हीलला पोहोचल्यावर ब्रुयीचा डोंगर चुकवू नका. माथ्यावर एक लहान देऊळ आहे. ‘द्राक्षांची माता’ असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या भागात वेलींवर भुरी पडली आणि बागाच्या बागा गेल्या. तेव्हा शेतकऱ्यांनी नवस बोलून १८५० च्या दशकात हे देऊळ बांधले. मी तेथे पोहोचलो, पाटीवरचा रोगाचा शब्द फोनवर शोधला आणि ती आपली भुरीच निघाली, तेव्हा मला तेथे बसावेच लागले. आमच्या आजोबांनी ज्या भुरीवर गंधक मारले, त्याच भुरीवर तेथेही शेवटी गंधकच चालले. पुढे फायलोक्सेराची कीड आली आणि अमेरिकी खुंटावर कलम केल्याशिवाय तरणोपाय उरला नाही. आम्ही आज डॉगरिज खुंटावर कलम करतो तोही मूळचा अमेरिकेतलाच. बोर्डो मिश्रण तर आमच्या घरात रोजचा शब्द आहे, मोरचूद आणि चुन्याचे ते द्रावण ज्या बोर्दो शहराचे नाव घेऊन फिरते ते शहर फ्रान्समध्येच आहे, हे मला शाळेत असताना ठाऊक नव्हते.

तोडणीच्या दिवसांत जावे का, असे तुम्ही विचारले आहे. जावेच. उन्हाळा कडक असेल तर तोडणी ऑगस्टअखेरीसच सुरू होते, नाहीतर सप्टेंबर हाच तिचा महिना. बोझोलेत घड अख्खे टाकीत जावे लागतात, मण्याच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू व्हावी म्हणून. त्यामुळे तेथे यंत्र न लावता माणसेच तोडतात आणि मळे माणसांनी भरलेले असतात. माकोंकडे यंत्रेही दिसतील. अडचणी दोन आहेत. मजुरांमुळे आणि पाहुण्यांमुळे खोल्या लवकर भरतात, तेव्हा मुक्काम आताच ठरवा. आणि वेलींच्या ओळीवरून टांगा टाकून चालणारे उंच ट्रॅक्टर अरुंद रस्त्यांवर अचानक समोर येतात, त्यांच्या डब्यांतून सांडलेला रस डांबरावर चिकटतो आणि त्यावर गांधीलमाशा बसलेल्या असतात. तोंड बंद ठेवून चालवा.

बाराशे किमी यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर मी फक्त यंत्र आणि कायदा यांविषयी लिहितो. २०२३ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची सायकलसफर पूर्ण केल्यावर उरलेल्या आठवड्यात मी माकोंपासून बेलव्हीलपर्यंत गेलो होतो. नव्वद तासांच्या मर्यादेत ती सफर पूर्ण केलेले पाय आहेत, या गर्वात मी पुढे ५२/३६ आणि मागे ११-२८ दात्यांची चक्रे घेऊन शिरुब्ल गावाच्या वरच्या खिंडीकडे निघालो आणि शेवटच्या टप्प्यात उतरून चाललो. तेव्हा पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ किंवा त्याहून मोठी कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) लावा. ब्रुयीचा चढ सुमारे ३ किलोमीटरचा आणि सरासरी ८ टक्क्यांच्या आसपासचा आहे. २०१७ च्या पॅरिस-नीस शर्यतीत त्यावर एकट्याने घड्याळाविरुद्ध चढायची फेरी झाली होती आणि ती ज्युलियन अलाफिलिपने जिंकली होती. या प्रदेशाचे दोन चेहरे टूर द फ्रान्सच्या नोंदीतही दिसतात: २०२४ मध्ये माकों ते दिजों हा १६३.५ किलोमीटरचा टप्पा सपाट म्हणून अखेरच्या धडक वेगावर सुटला, आणि त्याच्या आदल्या वर्षी बेलव्हीलला संपलेल्या टप्प्यात टेकड्यांनी मुख्य घोळका पार विस्कटून टाकला होता.

सोनकाठ यांच्याशी एका ठिकाणी माझा मतभेद आहे. काठाची वाट सलग डांबरी आहे असे दादांनी समजू नये. काही भाग दाबलेल्या बारीक खडीचे आहेत आणि तेथे २५ मिलिमीटरच्या टायरवर मनगटे दुखतात. त्यांनी ३२ चे टायर लावावेत, तुम्हाला २८ पुरतील. दादांसाठी आणखी एक पर्याय म्हणजे विजेच्या साहाय्याची सायकल भाड्याने घेणे. तेथल्या नियमाप्रमाणे ताशी २५ किलोमीटरनंतर तिची मदत बंद होते, पण चढावर तुम्ही दोघे त्या वेगाच्या जवळपासही नसाल. एवढे केले तर काही दिवस वेगळे होण्याची गरजच उरणार नाही.

नियमांपैकी एक मला महागात पडता पडता राहिला. लहान गावांत पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग आपण कितीही मोठ्या रस्त्यावर असलो तरी. मी पुण्याच्या सवयीने सरळ निघालो, उजवीकडून ट्रॅक्टर आला आणि मी एका घराच्या दाराशी ठेवलेल्या जिरेनियमच्या कुंड्यांत जाऊन थांबलो. घरमालकीणबाईंनी आधी कुंड्या तपासल्या आणि मग मला पाणी दिले. कानात हेडफोन घालून सायकल चालवणे बेकायदा आहे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जाकीट घालावेच लागते. आणि रक्तातल्या मद्याची लिटरमागे ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. चव घेऊन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, ते वापरण्यात कोणी कमीपणा मानत नाही. टीईआर रेल्वेत सायकलचे भाग सुटे न करता, जागा असेल तर, तशीच चढवता येते. टीजीव्ही या वेगवान रेल्वेसाठी सायकल पिशवीत बांधा किंवा आधी जागा राखून ठेवा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सप्टेंबरसाठी अर्ज जुलैपर्यंत ढकलू नका.

कात्रजउतार यांचे उत्तर

आपणा तिघांचे मनापासून आभार. सगळी उत्तरे मी दादाला वाचून दाखवली. समांतर वाटांची कल्पना त्याला एकदम पटली. मात्र विजेच्या सायकलचा उल्लेख आल्यावर तो दोन मिनिटे काही बोलला नाही आणि मग हवामानाचा विषय काढला. सध्या असे ठरले आहे: शालोंला दोन रात्री, तूर्नूला एक, माकोंला तीन, बेलव्हीलला दोन, आणि ल्योंपर्यंतचा शेवटचा भाग रेल्वेने. मुक्कामाच्या जागा कालच राखून ठेवल्या आणि नवी कॅसेटही मागवली.

एक शेवटची शंका. तासगावच्या काकांनी लिहिलेले भुरीचे देऊळ दादाला पाहायचेच आहे. आमचे आजोबा पलूसला द्राक्षे लावायचे आणि संध्याकाळी गंधकाने पिवळा झालेला सदरा दारातच उतरवून ठेवायचे, हे आम्हा दोघांनाही आठवते. बेलव्हीलपासून ब्रुयीच्या पायथ्यापर्यंत त्याला सायकलने जाता येईल का, आणि वर चालत जाण्यासारखी वाट आहे का?

सोनकाठ यांचे उत्तर

खडीच्या वाटेविषयी बाराशे किमी यांचे म्हणणे खरे आहे. मी जाड टायर वापरतो, त्यामुळे ते माझ्या लक्षातून निसटले.

ताई, पायथ्यापर्यंत दादा आरामात येतील. बेलव्हीलहून साधारण सहा-सात किलोमीटर आहेत आणि शेवटी थोडा उंचवटा सोडला तर सगळा रस्ता सौम्य आहे. तेथून वर मळ्यांतून आणि झाडीतून चालत जाण्याच्या वाटा आहेत. मात्र उतरताना गुडघ्याला चढण्यापेक्षा जास्त त्रास होतो, म्हणून त्यांनी वर चालत यावे आणि खाली येण्यासाठी बेलव्हीलहून टॅक्सी बोलावून ठेवावी. टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही. तुम्ही सायकलने चढा आणि त्यांच्याआधी निघू नका, म्हणजे देवळापाशी दोघे एकाच वेळी पोहोचाल.

सकाळी लवकर गेलात तर देवळाच्या ओट्यावरून पूर्वेला सोन नदीचे सगळे मैदान दिसते, दादांनी आठवडाभर चालवलेला काठ झाडांच्या रेषेवरून ओळखता येतो, आणि हवा फार स्वच्छ असेल तर त्याच्याही पलीकडे आल्प्स आणि मोंब्लांचे पांढरे शिखर दिसते. ते जवळ आल्यासारखे ठळक दिसले तर लवकरच पाऊस येतो असे इकडची माणसे मानतात, आणि माझा अनुभवही तसाच आहे. तेव्हा छायाचित्र काढून झाल्यावर रेनकोट पिशवीत सर्वांत वर काढून ठेवा.